सकाळी साडेसहाचं गाऱ्हाणं

शनिवार, २७ सप्टेंबर

ही वही कालिंदी मॅडमनी तेरा तारखेला दिली आणि मी आज लिहायला बसलो. चौदा दिवस उशीर झाला त्याबद्दल आधी माफी मागतो. मॅडम म्हणाल्या होत्या की ही वही कोणी वाचणार नाही. पण कोणी वाचणार नसेल तर वही कोण कशाला देईल? म्हणून माफी लिहून ठेवलेली बरी. उशिराचं कारण, पितृपक्षात नवी वही उघडू नये म्हणून थांबलो. घटस्थापनेला उघडली, तर पहिल्या पानावर खाडाखोड व्हायला नको या विचारात पाच दिवस गेले.

माझं नाव सीताराम. आडनाव आणि पत्ता लिहीत नाही, कारण वही हरवली तर कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. शिक्षण सातवी. अकरा वर्षं गिरणीत होतो. गिरणी बंद पडल्यावर बावीस वर्षं परळच्या एका इस्पितळात अपघात विभागाच्या गेटवर होतो. आत येणाऱ्या प्रत्येकाची वेळ, नाव आणि काय झालं ते नोंदवहीत लिहायचं, हे माझं काम. तेवढंच लिहायची सवय आहे, तेव्हा चूकभूल झाल्यास सांभाळून घ्यावं.

आता काय झालं ते. माझी नात ऋतिका, वय दहा, इयत्ता पाचवी. नायगावची आमची चाळ पाडायला घेतल्यापासून आम्ही दुसऱ्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतो. २३ जूनला सकाळी मी तिला शाळेच्या बसवर सोडायला निघालो असताना लिफ्ट सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये बंद पडली. अकरा मिनिटं अडकलो. पोर फार घाबरली. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि तेव्हापासून शाळेची वेळ झाली की रोज दुखतं. जिन्याने उतरून शाळेत जा, असं मेघनाने सांगून बघितलं. तरी दुखतं. मेघना माझी सून. सगळ्या तपासण्या झाल्या, पोटात काही नाही. डॉक्टर म्हणाले, ही चिंता आहे. मी म्हटलं, दहा वर्षांच्या पोरीला कसली चिंता? चिंता करायला घरात मी आहे ना.

म्हणून दर शनिवारी दादरला हा गट. एका ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर भरतो, कालिंदी मॅडम चालवतात. आठ मुलं आहेत, सगळ्यांना कशाची ना कशाची भीती. इमारतीला लिफ्ट नाही, चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. मला ही जागा पसंत आहे.

मेघनाने मला स्पष्ट सांगून ठेवलंय. दिवाळीची सुट्टी संपून शाळा तीन नोव्हेंबरला उघडते. त्या दिवशी ऋतिका शाळेत गेली नाही तर तिला कुडाळला मामाकडे ठेवायची. तिथे घर बैठं आहे आणि शाळा कुंपणापलीकडे. तिथे विहीर आहे, एवढंच म्हटलं.

मॅडमचा नियम असा की रोज लिहून झालं की खाली भीतीचा आकडा टाकायचा, शून्य ते दहा. मुलांनी टाकायचा तसा मोठ्यांनीही.

भीती: शून्य. मला भीती नाही, मला काळजी आहे.

मंगळवार, ३० सप्टेंबर

मुलांचा वर्ग चालू असताना आम्ही मोठी माणसं बाहेर बाकावर बसतो. कोण कसं आहे ते लिहितो, म्हणजे मॅडमना, वाचत असतील तर, उपयोग होईल.

दर्शनाबाई हिंदू कॉलनीतल्या. त्यांचा मुलगा निमेश, वय अकरा. त्याला जंतूंची भीती. दिवसातून चाळीस वेळा हात धुतो. बाई बसण्याआधी पिशवीतून फडका आणि सॅनिटायझरची बाटली काढून बाक पुसतात, मग माझ्या बाजूचा बाक पुसतात, मग हात पुसतात, मग बाटली पुसतात. पुसता पुसता मला विचारत होत्या की हे खूळ पोराने कुठून उचललं असेल. मी म्हटलं, शाळेतून.

दुसरे जगन, शिवडीच्या कोळीवाड्यातले, भाऊच्या धक्क्यावर मासळीचा धंदा. त्यांची आकांक्षा बारा वर्षांची आहे आणि घराबाहेर एक अक्षर बोलत नाही. हे त्यांनी दहा ते अकरा न थांबता सांगितलं. पहिल्या दिवशी मॅडमनी आकांक्षाला नाव विचारलं तेव्हा तेच पुढे होऊन बोलले. वय, इयत्ता, आवडता मासा, सगळं. माणूस चांगला आहे, पण असा बाप असल्यावर पोर बोलणार कधी?

लोकांना स्वतःच्या घरातलं दिसत नाही. नवल वाटतं.

ऋतिका घरी असते त्यामुळे दुपारी आम्ही दोघं पत्ते खेळतो. मेघना दादरच्या लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, ती सातला येते. वैभव, माझा मुलगा, जहाजावर फिटर आहे, तो मार्चमध्ये येईल. माझी बायको जाईबाई गेल्यापासून दुपारी घरात भांड्याचाही आवाज नसायचा. आता बरं असतं. म्हणजे पोरीचं चाललंय ते वाईटच आहे, पण दुपारी बऱ्या जातात.

भीती: शून्य.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज शिडी काढली. मुलांनी कागदावर शिडी काढायची, सगळ्यात लहान भीती खालच्या पायरीवर आणि सगळ्यात मोठी वरच्या. मग खालून एकेक पायरी चढायची. ऋतिकाने खाली ‘लिफ्टचं बटण दाबणे’ लिहिलंय, मग ‘लिफ्टमध्ये एक मजला’, मग ‘तळमजल्यापर्यंत’, मग ‘शाळेच्या गेटापर्यंत’. सगळ्यात वरच्या पायरीवर तिने फुलपाखराचं स्टिकर चिकटवलंय. खाली काय लिहिलंय ते मॅडमशिवाय कोणाला माहीत नाही.

घरी आल्यावर कागद उजेडासमोर धरून बघितला. दिसलं नाही.

आज एक मानाचीही गोष्ट झाली. आमच्या गावी, वेंगुर्ल्याकडे, काही कार्य निघालं की घरातला वडीलधारा देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. जे जे विघ्न येऊ शकेल ते नाव घेऊन सांगायचं, देवाने ते दूर करावं म्हणून मागायचं, आणि बाकीच्यांनी मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ऋतिका बालवाडीत गेली त्या दिवसापासून मी रोज सकाळी साडेसहाला दारात तिच्यासाठी गाऱ्हाणं घालत आलोय. सुरुवातीला चारच गोष्टी होत्या. बसचा ब्रेक, गटाराचं झाकण, कुत्रं आणि अनोळखी माणूस. पुढे नोंदवहीतलं एकेक आठवत गेलं. पेन्सिलीचं टोक डोळ्यात जाणं, दप्तराचा पट्टा बसच्या दारात अडकणं, बर्फाच्या गोळ्यातलं पाणी, भिंतीचा पोपडा, पंखा. जूनपर्यंत एकेचाळीस झाल्या होत्या. पोर हुशार, प्रत्येकाला न चुकता व्हय म्हाराजा म्हणायची. तिचं शाळेत जाणं बंद झाल्यापासून घरातल्या गोष्टींचं घालतो, गॅस, स्टूल वगैरे. खंड पडू देत नाही.

तर आज वर्गात मॅडमनी मुलांना आपापली भीती सांगायला लावली. ऋतिकाची पाळी आली तेव्हा तिने उभं राहून हात जोडून सगळं गाऱ्हाणं म्हटलं. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. तिसऱ्या विघ्नापासून सगळी मुलं व्हय म्हाराजा म्हणायला लागली. पंख्यापर्यंत आली तेव्हा खिडकीच्या काचा हलत होत्या. त्यात एक जाडसर, न ऐकलेला आवाज होता. जगन बोलता बोलता थांबले, उठून दाराला कान लावला.

‘ही माझी पोर,’ म्हणाले.

त्यानंतर अर्धा तास त्यांनी तोंड उघडलं नाही. बाकावर इतकी शांतता पहिल्यांदाच होती.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं. हे तुम्ही शिकवलंत का, रोज म्हणता का, किती वर्षं, असं सगळं विचारून घेतलं आणि लिहून ठेवलं. मी म्हटलं, पूर्ण यादी मोत्यासारख्या अक्षरात काढून देतो, बाकीच्या पालकांना झेरॉक्स वाटा. मॅडम बाटली उघडून पाणी प्यायल्या. तरुण मुलगी आहे, भारावली असणार.

भीती: शून्य. आनंद: सात.

बुधवार, ८ ऑक्टोबर

झेरॉक्स नको, असा मॅडमचा मेघनाला फोन आला. उलट या आठवड्यात गाऱ्हाण्यात रोज एकच विघ्न घ्यायचं, असा गृहपाठ मला दिलाय. मला. गटात नाव पोरीचं आहे, हे मॅडम विसरल्या असाव्यात.

सकाळी मी एकच घेतलं. म्हटलं, बा देवा म्हाराजा, जा काय वायट जगात आसा ता सगळा दूर कर.

ऋतिका व्हय म्हाराजा म्हणाली नाही. ‘आजो, ही चीटिंग आहे,’ म्हणाली.

मग फक्त गॅस घेतला. बाकीच्या गोष्टी तशाच उघड्यावर राहिल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं. दुपारी स्टूल मोरीत नेऊन उलटं ठेवलं.

भीती: शून्य.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पोर शिडी चढतेय. मेघनाबरोबर लिफ्टने तळमजल्यापर्यंत तीन वेळा गेली आणि आली. आकडा पहिल्या वेळी सहा, तिसऱ्या वेळी दोन. मलाही बोलावत होती. मी जिन्याने उतरून खाली त्यांची वाट बघितली. दोनशे वीस पायऱ्या आहेत, व्यायाम होतो. मी पोचेपर्यंत त्या दोन फेऱ्या करून मोकळ्या झाल्या होत्या.

आज दर्शनाबाईंनाही गृहपाठ मिळाला. बाक न पुसता बसायचं. त्या पूर्ण तास उभ्या राहिल्या.

भीती: शून्य. गुडघा: आठ.

बुधवार, १५ ऑक्टोबर

कालपासून ऋतिका म्हणतेय की शाळा उघडली की जाऊन बघेन. मला आनंदच आहे. पण उतावळेपणा नको, म्हणून दुपारी पत्ते वाटताना तिला नोंदवहीतली एक गोष्ट सांगितली. रे रोडच्या वखारीतला एक माणूस, त्याची बोटं मालाच्या लिफ्टच्या जाळीत सापडली होती. फक्त माहिती म्हणून सांगितलं.

ती घाबरली नाही. पत्ते लावत तिने विचारलं, मग त्याचं काय झालं?

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. आमच्या गेटवर आत येणाऱ्याची नोंद व्हायची. बरा होऊन घरी जाणारा मागच्या गेटने जायचा, तिथे दुसरा माणूस होता.

‘म्हणजे बरे झालेले तू बघितलेच नाहीस,’ ती म्हणाली. ‘बावीस वर्षं.’

मी म्हटलं, तुझी उतारी आहे.

नंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि माझं बीपीचं यंत्र घेऊन आली. जूनपासून दुपारी चारला तीच माझं बीपी बघते आणि कॅलेंडरवर लिहिते. दर दोन तासांनी मी कुठे आहे ते बघून जाते. मोरीत जास्त वेळ लागला तर दार वाजवते. गुणी पोर आहे, आजारी असूनही घर सांभाळते. कुडाळला गेल्यावर मामाच्या घरी हिचा काय उपयोग?

भीती: शून्य.

बुधवार, २२ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फुलबाज्या मी बादलीत पाणी, वाळू आणि ओलं गोणपाट घेऊन लावू दिल्या. एकूण चार.

मेघनाने माळ्यावरची मोठी बॅग उतरवून ठेवलीय.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज शेवटून दुसरा वर्ग. मोठ्यांनाही आत बसवलं. चटईवर गोल करून बसलो. मॅडमनी आधीच सांगितलं की आज मुलं बोलतील आणि मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही. हे सांगताना त्या जगनकडे बघत होत्या, पण घात माझा झाला.

निमेशने सांगितलं की त्याला जंतूंची भीती नाही, आईचा चेहरा बदलतो त्याची आहे. दर्शनाबाई चटईकडे बघत बसल्या. आकांक्षा म्हणाली, बाबा बोलायला लागला की माझे शब्द संपतात. एवढंच. जगन दोन्ही हात तोंडावर ठेवून बसले होते.

मग ऋतिका. मॅडमनी तिला लिफ्टचा दिवस सांगायला लावला. ती काय बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्याला पुढे उत्तर द्यायचं आहे.

‘लिफ्ट बंद पडली. आजो ओरडायला लागला. दार ठोकत होता. मग खाली बसला आणि म्हणाला, माझं काय खरं नाही. त्याचा हात खूप थरथरत होता. मी तो धरला आणि मोजत होते. साठपर्यंत मोजायचं की परत एकपासून. अकरा वेळा मोजलं. मग दार उघडलं, आणि आजो सगळ्यांना म्हणाला, पोर फार घाबरली.’

मॅडमनी विचारलं, तू हे घरी का नाही सांगितलंस?

‘त्याला वाईट वाटलं असतं.’

मग तिने शिडीचा कागद काढला आणि फुलपाखरू सोलून काढलं. खाली लिहिलं होतं, ‘मी शाळेत आणि आजो घरी एकटा.’

आता माझं उत्तर. पोर लहान आहे, तिला सगळं नीट आठवत नसणार. मी ओरडलो ते वॉचमनला ऐकू जावं म्हणून. खाली बसलो ते गुडघ्यामुळे. हात म्हाताऱ्या माणसाचा थरथरतोच. माझं काय खरं नाही, असं मी दिवसातून बरेचदा म्हणतो, ते बोलण्याची पद्धत म्हणून. आणि एकट्याला घरी राहायला मी काय लहान आहे?

बाहेर आलो तेव्हा दर्शनाबाईंनी माझ्यासाठी बाक पुसून दिला. जगन चहा घेऊन आले आणि काही न बोलता शेजारी बसले. मला दोन्ही नको होतं. दोन्ही घेतलं.

वरची पायरी ऋतिकाला एकटीने चढता येणार नाही, असं मॅडम जाता जाता म्हणाल्या. तिच्यासाठी मी लिफ्टने एकटा खाली जायचं आणि तळमजल्यावरून फोन करायचा. ती वर दारात थांबेल. तीन तारखेच्या आत.

भीती: आकडा नंतर लिहितो.

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज गेलो होतो. लिफ्ट आली, दार उघडलं. आत नवव्या मजल्यावरच्यांचा फ्रिज होता, म्हणून सोडली. दुसऱ्यांदा आली तेव्हाही फ्रिज होता. तिसऱ्यांदाही.

ऋतिका दारात उभी राहून बघत होती. तिला तिथून लिफ्टच्या आतलं दिसतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

‘आजो, तुझा आकडा किती?’

‘शून्य.’

‘मग जा.’

मी घरात येऊन पाणी प्यायलो. ती मागून आली आणि बीपीचं यंत्र लावलं. कॅलेंडरवर लिहिताना म्हणाली, ‘माझा आकडा सात होता. बघताना.’

संध्याकाळी तिच्या पोटात दुखलं. सुट्टी चालू असूनही.

रविवार, २ नोव्हेंबर

काल शेवटचा वर्ग झाला. मुलांना प्रमाणपत्रं मिळाली. आकांक्षाने स्वतः उभं राहून आभार मानले. वाक्यं दोनच, पण जगन फडक्यात नाक शिंकरत राहिले आणि दर्शनाबाईंनी त्यांना बाटली दिली नाही, म्हणजे त्यांचीही प्रगती आहे. माझं प्रमाणपत्र नव्हतं.

आज मेघनाने बॅग भरली. फ्रॉक, स्वेटर, पाचवीची पुस्तकं. रात्रीच्या गाडीचं उद्याचं तिकीट काढून ठेवलंय, गरज नाही पडली तर रद्द करेन म्हणाली. मी म्हटलं, थोडी घाई होतेय, जूनपर्यंत थांबू, घरी अभ्यास घेऊ, मी आहे ना.

मेघना माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलत नाही. आजही बोलली नाही. कपड्याची घडी घालत म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आहात म्हणूनच ती घरी राहते. तुम्हाला सोडून जायची भीती वाटते तिला. कुडाळला तुम्ही नसाल, तिथे ती शाळेत जाईल. मला तिला पाठवायचं नाहीये. पण दुसरा उपाय तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.’

मी गॅलरीत जाऊन बसलो. ऋतिका येऊन शेजारी बसली आणि पत्ते पिसायला लागली. मी तिला विचारलं, कुडाळला जायचंय का? ती म्हणाली, मामीकडे मांजर आहे. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण तिथून तुला चारच्या गोळीची आठवण कोण करेल?

मी पत्ते हातात घेतले, पण कुठला पत्ता कुठे लावायचा ते कळेना.

भीती: लिहीत नाही. रिकामी जागा सोडतो.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी सात वाजून पाच.

ऋतिका सहाला उठली. पोटात दुखतंय म्हणाली, आकडा पाच. तरी युनिफॉर्म घातला. साडेसहाला दारात उभी राहिली. मेघनाने कडी काढली होती आणि हात कडीवरच ठेवला होता. मी हात जोडले आणि बा देवा म्हाराजा म्हटलं. पुढे काय घ्यायचं ते मनात ठरवलं होतं. एकच विघ्न, बसचा ब्रेक.

ऋतिकाने माझे हात खाली केले. ‘आज मी घालते,’ म्हणाली. आणि तिने तिच्या मुंबईच्या मोडक्यातोडक्या मालवणीत गाऱ्हाणं घातलं.

‘बा देवा म्हाराजा. आज माझो आजो घरात एकटो आसा. तेका चारची गोळी आठवांदे. तो दर पाच मिन्टांनी शाळेत फोन लावतलो, ता दूर कर म्हाराजा.’

मेघना एकटीच म्हणाली, व्हय म्हाराजा.

‘तेका लिफ्टची भीती वाटता आणि तो सांगत नाय. ता दूर कर म्हाराजा.’

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, व्हय म्हाराजा.

‘मी शाळेतून येयसर तो मरात असा माका वाटता. ता पण दूर कर म्हाराजा.’

बावीस वर्षांत माझ्या गेटमधून काय काय आत आलं, पण असं काही मी नोंदवलं नव्हतं. ती घरी येईपर्यंत मी मरेन, हे पोरीच्या डोक्यात जूनपासून रोज साडेसहाला येत होतं, आणि मी तिच्यासमोर पेन्सिलीचं टोक आणि पंखा मोजत होतो.

मी म्हटलं, व्हय म्हाराजा. मग परत एकदा म्हटलं.

मग त्या लिफ्टमध्ये गेल्या. ऋतिकाने हात हलवला नाही, दप्तराचा पट्टा घट्ट धरला होता. दार लागलं. दारावरचे आकडे बघत उभा राहिलो. सात आणि आठच्या मध्ये थांबते की काय असं वाटलं. थांबली नाही. शून्य आलं. गॅलरीतून बघितलं तर ती बसमध्ये चढत होती. मेघना तशीच लॅबला गेली.

सात वीस. फोन केला नाही.

आठ दहा. फोन केला नाही. घरात फार शांत आहे. नळ गळत होता तो बंद केला, मग आवाज हवा म्हणून थोडा सोडला.

साडेनऊ. शाळेची मधली सुट्टी असेल. पोटात दुखत असेल तर बाईंना सांगता येईल की नाही कोण जाणे. आकांक्षा पण सांगायची नाही आधी. आता सांगते.

अकरा. नोंदवहीतल्या त्या वखारीतल्या माणसाचा विचार करत होतो. कदाचित महिन्याभराने मागच्या गेटने गेला असेल. बायको न्यायला आली असेल. मी तेव्हा पुढे कोणा दुसऱ्याचं नाव लिहीत असेन.

बारा. मेघनाचा फोन आला. शाळेतून काही निरोप नाही, म्हणजे ठीक आहे म्हणाली. तिकीट रद्द करू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, पोर घरी येऊ दे, तिच्या तोंडून ऐकू, मग. आणि तिला आणायला खाली कोण जातंय, असं विचारलं. बस पाऊण वाजता येते.

बारा पंचवीस. जिन्याने निघायचं तर आताच निघायला हवं.

बारा तीस. निघालो नाही. चप्पल घालून लिफ्टसमोर उभा आहे आणि वही भिंतीला टेकवून लिहितोय, अक्षर वाकडं येतंय त्याबद्दल माफी. लिफ्ट येऊन उभी आहे. आत फ्रिज नाही, कोणीही नाही. पंखा चालू आहे.

पंचवीस तारखेपासून सोडलेल्या सगळ्या रिकाम्या जागांचा मिळून आकडा एकदाच लिहितो. मागची शून्यं सगळी खोटी होती, ती खोडायची असतील तर मॅडमनी खोडावीत.

भीती: नऊ. काळजी नाही, भीती.

ऋतिका, बस शाळेतून निघाली असेल तर बसच्या ताईंना मिसकॉल द्यायला सांग. पोट कसं आहे ते सांग. एका शब्दात सांगितलंस तरी चालेल, पण लवकर सांग. मी वर नाहीये. मी खाली येतोय.